पन्नास हजारांत मिटलेला माणूस

एका गवंड्याचा हिशेब मांडतो. वय ३२. महिन्याची कमाई १५ हजार. मागे बायको, दोन पोरं आणि म्हातारी आई. कामावर जाताना मागून आलेल्या टेम्पोने उडवलं, जागेवर गेला. वर्षाची कमाई धरा १ लाख ८० हजार. चाळिशीच्या आतला, हातावर पोट असलेला माणूस, म्हणून पुढे कमाई वाढली असती याचे ४० टक्के त्यात मिळवायचे. झाले २ लाख ५२ हजार. जगला असता तर स्वतःवर खर्चलं असतं ते एक चतुर्थांश कापायचं. राहिले १ लाख ८९ हजार. बत्तिशीच्या माणसाला गुणक १६. गुणाकार ३० लाख २४ हजार. अंत्यविधीचे, बायकोचा नवरा आणि पोरांचा बाप गेला त्याचे वेगळे, आणि वर व्याज. ही मांडणी माझ्या पदरची नाही. २००९ चा सरला वर्मा आणि २०१७ चा प्रणय सेठी, या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी ती बांधून दिलेली आहे आणि देशातलं प्रत्येक मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याच पट्टीने मोजतं.

हाच गवंडी आमच्याकडे पन्नास हजारांत मिटतो. रोख. वर ‘तेराव्याचं आम्ही बघतो’ हे बोनस म्हणून.

मी जिल्ह्याच्या कोर्टात अपघाताचे दावे चालवतो, जखमींच्या आणि मयतांच्या वारसांच्या बाजूने. माझ्याकडे माणसं येतात ती बहुतेक वेळा पन्नास हजार संपल्यावर. तोवर मिटवणारी मंडळी मोकळी झालेली असतात. ही मंडळीही ठरलेली. गाडीमालक, त्याच्या ओळखीचा एक माजी सरपंच, मयताच्या भावकीतला चार बुकं शिकलेला कोणी, आणि बाजूला उभा राहून, आपला या प्रकाराशी काही संबंध नाही असा चेहरा करून मोबाईल बघणारा हवालदार. बोलायचं काम सरपंचाकडे. ‘वहिनी, गेलेला माणूस काय परत येणार आहे का? केस केली तर दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाल. हे घ्या, पोरांच्या नावावर टाका.’ मग एक स्टँपपेपर निघतो, पूर्वी शंभराचा असायचा, आता पाचशेचा असतो. महागाई सगळीकडेच आहे. त्यावर लिहिलेलं असतं की अपघात मयताच्या स्वतःच्या चुकीने झाला आणि आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. खाली अंगठा. तेरावा व्हायच्या आत घेतलेला.

निष्काळजीपणाने माणूस मारणं हा गुन्हा, जुन्या दंडविधानाचं कलम ३०४ अ आणि आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, आपसात मिटवण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. सरपंचाच्या ओसरीवर तर नाहीच नाही. तो स्टँपपेपर फौजदारी कायद्याच्या दृष्टीने रद्दी आहे. पण न्यायाधिकरणात विमा कंपनीचा वकील तीच रद्दी बाईसमोर धरतो आणि विचारतो, ‘हा अंगठा तुमचाच ना?’

यात सगळ्यात मोठा विनोद कोणता, ते सांगतो. तो टेम्पो विमा उतरवलेला असतो. त्रयस्थ व्यक्तीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, मालकाने त्याचा हप्ता भरलेला आहे, आणि तो हप्ता भरायचा तो याच दिवसासाठी. असं असताना हा गृहस्थ स्वतःच्या खिशातून पन्नास हजार काढून विमा कंपनीचे तीस लाख वाचवतो. कंपनीला याची खबरही नसते. इतके उदार दाते या देशात दुसऱ्या कुठल्याही धंद्याला लाभलेले नाहीत.

मग मालक असं का करतो? कधी निव्वळ अडाणीपणाने. गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात गंजत पडेल या धास्तीने. पण बऱ्याचदा कागदांत काहीतरी कुजलेलं असतं. विमा संपलेला, ड्रायव्हरकडे लायसन नाही, फिटनेस सहा महिन्यांपूर्वीच गेलेलं. म्हणून माझा साधा आडाखा आहे: तडजोडीची जितकी घाई, तितकी कागदांत घाण. गाडीचा नंबर एम-परिवहनवर टाका, विमा आहे की नाही ते दोन मिनिटांत दिसतं. आणि लायसन खोटं निघालं तरी वारसांनी घाबरण्याचं कारण नाही. २००४ च्या स्वरण सिंग निकालापासून सर्वसाधारण रीत अशी आहे की कंपनीने आधी वारसांना द्यायचं आणि मग मालकाकडून वसूल करायचं. ती भीती मालकाची आहे. ती आपल्या विधवेच्या डोक्यावर चढवण्याची कला मात्र भावकीला साधलेली असते.

विमाच नसेल तर? रस्त्यावरच्या निम्म्याच्या आसपास गाड्यांना चालू विमा नाही, हे सरकारच अधूनमधून सांगतं. या गुन्ह्याला पहिल्या वेळी दंड २,००० रुपये. हेल्मेट नसेल तर १,०००. म्हणजे स्वतःचं डोकं उघडं ठेवणं आणि समोरच्याचं सगळं घर उघड्यावर टाकणं, यांत आपल्या संसदेच्या मते हजार रुपयांचा फरक आहे.

आता जरा मोठ्या शहरात येऊ. १९ मे २०२४, पुण्याचं कल्याणीनगर. अल्पवयीन मुलाच्या हातातली पोर्श, दोन तरुण इंजिनिअर ठार, काही तासांत जामीन, आणि अट काय, तर ३०० शब्दांचा निबंध. महाराष्ट्र पेटून उठला. उठायलाच हवा होता. पुढे ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टर आत गेले, गुन्हा अंगावर घे म्हणून घरच्या ड्रायव्हरवर दबाव आणल्याचा आरोप झाला. ‘ड्रायव्हर उभा करणे’ ही आमच्या धंद्यातली इतकी जुनी रीत आहे की पुण्याने तिचं आश्चर्य मानलं याचंच मला आश्चर्य वाटलं.

पण त्या रागाची जात बघा. आपल्याला आरोपी हवा असतो. त्याचा बाप, त्याचा बंगला, त्याची गाडी, तो कुठल्या पबमध्ये बसला होता. आरोपी किती वर्षं आत बसणार यावर चहाच्या टपरीपासून संपादकीयापर्यंत सगळ्यांचं मत असतं. मेलेल्याच्या घरात पुढच्या महिन्याचा किराणा कसा येणार यावर कोणाचंही नसतं, कारण त्यात कॅमेऱ्यासमोर धरण्यासारखं काही नाही. शिक्षेची आपल्याला भूक आहे. भरपाई म्हटलं की मात्र नाक मुरडतो, जणू विधवेने पैसे मागितले की दुःख बाटलं. ‘मढ्यावर पैसे कमावते’ हे वाक्य मी कोर्टाच्या आवारात स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे, आणि बोलणारा सख्खा दीर होता. पुढे त्यानेच विचारलं की चेक कोणाच्या नावाने निघणार.

आणि आरोपी सापडलाच नाही तर? मग आपला रागही सापडत नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली, महाराष्ट्रात १५ हजार २२४. देशातल्या या मयतांपैकी ३० हजार ४८६ जणांना ठोकर मारून वाहन पळून गेलं होतं. यांच्यासाठी मोटार वाहन कायद्यात कलम १६१ आहे. वाहनाचा पत्ता लागला नाही तरी मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. १ एप्रिल २०२२ पासूनचे हे आकडे. त्याआधी २५ हजार आणि साडेबारा हजार होते. वकील लागत नाही, साक्षीदार लागत नाही, कोणाची चूक सिद्ध करावी लागत नाही. प्रांत किंवा तहसीलदारांकडे अर्ज, चौकशी, जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, संपलं. तर २०२२-२३ या आर्थिक वर्षात सबंध देशातून असे अर्ज किती आले? २०५. त्यातले निकाली किती? ९५.

तीस हजार मढी आणि दोनशे पाच अर्ज. हे सर्वोच्च न्यायालयासमोर आलं तेव्हा न्यायालयाने १२ जानेवारी २०२४ ला आदेश दिला की महिनाभरात वाहनाचा तपशील लागला नाही, तर पोलिसांनी जखमीला किंवा मयताच्या वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यायची. लेखी, हा शब्द लक्षात ठेवा.

त्याच महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात काय चाललं होतं तेही आठवा. ठोकून, पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, असं न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात आलं होतं. ट्रकवाले संपावर गेले, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, दोन दिवसांत सरकारने हात जोडले. १ जुलै २०२४ ला न्याय संहिता लागू झाली ती हे पोटकलम वगळून. पुस्तकात छापलेलं आहे, अमलात नाही. ट्रकवाल्यांचं म्हणणं मी धुडकावत नाही. थांबलो तर लोक जिवे मारतात, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. इतकं खरं, की मोटार वाहन कायद्यानेच ते मान्य केलंय. कलम १३४ सांगतं की अपघात झाल्यावर ड्रायव्हरने जखमीला दवाखान्यात पोचवण्याची व्यवस्था करावी, मात्र जमाव खवळल्यामुळे ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी. कायदा करणाऱ्यांना आपली जनता बरोब्बर ठाऊक होती! जमाव जमणार, मोठी गाडी दिसली की चूक तिचीच ठरणार, ड्रायव्हरला तुडवणार, काचा फोडणार, आणि या गडबडीत रस्त्यावर पडलेल्याच्या तोंडात पाणी ओतणार, जे त्या वेळी मुळीच ओतायचं नसतं. १०८ ला फोन मात्र तिसराच कोणी करतो, आणि तोही नाव सांगत नाही. वास्तविक मदत करणाऱ्याने नाव सांगायची, ठाण्यात जायची, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. हे २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ म्हणून कायद्यातच आलं. पण ठाण्यात त्याला आजही पहिला प्रश्न विचारतात तो, ‘तू तिथं काय करत होतास?’

पंचनाम्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण दावा मरतो तो तिथे. आमच्याकडे उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि मागे दोन-दोन ट्रॉल्या. मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने लिंपलेला, वर उसाची वाढी लोंबताहेत. रात्री टायर बसला की ट्रॉली तिथेच, निम्मी डांबरावर, निम्मी साइडपट्टीवर. मागे खबरदारी म्हणून चार दगड. (ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात, ते आणखी वेगळं.) एमआयडीसीची दुसरी पाळी सुटून घरी निघालेला पोरगा समोरच्या डिपरने आंधळा होतो आणि जाऊन ट्रॉलीत घुसतो. पंचनामा दुसऱ्या दिवशी. तोवर ट्रॉली जागेवर नसते, कारण ऊस वाळतो, वजन घटतं, कारखान्याची पाळी चुकते. उरतं काय, तर माती टाकलेलं रक्त आणि हेडलाइटच्या काचा. पंच म्हणून शेजारच्या हॉटेलवरची दोन पोरं, जी त्या ठाण्याच्या निम्म्या पंचनाम्यांवर पंच असतात. आणि मजकूर छापील असावा तसा: रस्ता डांबरी, सरळ, दुतर्फा झाडी, मयताने आपल्या ताब्यातील मोटारसायकल हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून उभ्या ट्रॉलीस पाठीमागून धडक दिली. भरधाव कशावरून? तर मेला त्यावरून.

गुन्हा दाखल होतो तो मेलेल्यावर. आरोपी मयत, म्हणून ‘अबेटेड समरी’, फाईल बंद. ट्रॉलीवाल्याचं नाव साक्षीदारात. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर सुळी द्यायला संन्यासी उरलेलाही नसतो. ठाणे अंमलदाराच्या दृष्टीने काम सुबक झालं: आरोपी पकडायला नको, चार्जशीट नको, तारखा नकोत. पण त्या एका वाक्याने घराचं काय झालं? कलम १६६ चा दावा समोरच्याच्या निष्काळजीपणावर उभा राहतो. आता सरकारी कागदच म्हणतो की निष्काळजी तुमचा पोरगा. पुढची चार वर्षं मी त्या एका वाक्याशी भांडतो.

यावर उपाय नाहीत असं नाही. ते कोणी सांगत नाही. गुन्हा चुकीचा नोंदवला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते, तिथेही न झाल्यास मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. एफआयआरची प्रत पीडिताला फुकट मिळायची आहे. जखमी होताच किंवा माणूस जाताच घरच्या कोणीतरी शहाण्याने जागेवर जाऊन मोबाईलवर फोटो काढावेत: ट्रॉली, तिची मागची बाजू, दगड, दिवा नसलेला रस्ता. हे निर्दय वाटतं, ठाऊक आहे. पण त्या फोटोंनी मी दावे जिंकलेत, आणि रडण्याला कोणी अडवलेलं नाही. चूक सिद्ध होतच नसेल तर कलम १६४ आहे, समोरच्या वाहनाच्या विम्यातून मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, चुकीचा प्रश्नच न विचारता. मात्र ते घेतले की मोठ्या दाव्याचं दार बंद, म्हणून घाईने सही नको. आणि गाडी पोराच्या स्वतःच्या नावावर असेल, लायसन असेल, तर त्याच्याच पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. २०१८ पासून ही रक्कम पंधरा लाख आहे. हे पैसे मागायला येणारे वारस मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. पॉलिसी डिकीत असते, डिकी ठाण्याच्या आवारात असते, आणि एजंट फोन उचलत नाही. काहींनी तर काही शे रुपये वाचवायला तो विमा ‘नको’ म्हणून कापून टाकलेला असतो. शोरूमवाल्यानेच सुचवलेलं असतं.

ट्रॉलीच्या जागी खड्डा ठेवा, प्रकार तोच. खड्डा आरोपी होत नाही. रस्ता सदोष बांधणाऱ्या कंत्राटदारासाठी कायद्यात २०१९ पासून कलम १९८ अ आहे. त्याचा दंड किती, तर एक लाखापर्यंत. कोट्यवधींच्या टेंडरात एवढी रक्कम चहापाण्यात जाते. शेवटी मुंबई उच्च न्यायालयालाच ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगावं लागलं की खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख द्या. आदेश उत्तम आहे. आता एखाद्या नगरपालिकेच्या बांधकाम विभागात जाऊन ‘खड्ड्याचे पैसे कुठे मिळतात’ असं विचारून बघा, साहेब साइटवर गेलेले असतील. तीच साइट, जिथे खड्डा आहे.

दवाखान्याचं थोडक्यात. अपघाताचा माणूस आला की आधी उपचार, कागद नंतर, हे १९८९ च्या परमानंद कटारा निकालापासूनचं बंधन आहे, खासगी डॉक्टरवरही. ५ मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे: अपघातानंतरचे सात दिवस, दीड लाखापर्यंत, नेमून दिलेल्या रुग्णालयांत रोख पैसे न मागता उपचार. ही योजनाही सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे कान धरल्यावर आली. कायद्यात तरतूद होती, योजनाच नव्हती. काउंटरवरची मुलगी अजून ‘डिपॉझिट किती भरताय?’ असंच विचारते.

हे सगळं ओलांडून बाई पिंजऱ्यात उभी राहिली की विमा कंपनीचा वकील. माझेच मित्र आहेत, दुपारी एकत्र चहा पितो. ‘तुमचे पती महिना पंधरा हजार कमवत होते, याचा पुरावा?’ गवंड्याला पगारपत्रक कोण देणार? ‘बँकेत पैसे भरत होते?’ नाही. ‘आयकर भरत होते?’ बाई माझ्याकडे बघते. ‘म्हणजे कमवत होते हे तुम्ही पैसे मिळावेत म्हणून सांगताय, हे खरं आहे काय?’ आणि बाई, खरं बोलायची सवय असलेली, म्हणते, ‘पैसे तर पाहिजेतच की साहेब.’ टंकलेखक ते जसंच्या तसं उतरवून घेतो. आणि गेलेली घरातली बाईच असेल तर आणखी मजा. तिच्या कामाची किंमत शून्य धरायची कंपन्यांची हौस जुनी आहे. २००१ च्या लता वाधवा निकालात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमांचे महिन्याला ३,००० धरले आणि २०२१ च्या कीर्ती निकालात पुन्हा बजावलं की घरकामाला मोल आहेच. तरी लेखी कैफियतीत आजही छापील वाक्य येतं: मयत कमावती नव्हती. तीन लेकरं, सासू, दोन म्हशी आणि सकाळी पाचला पेटणारी चूल, तरी बेकार.

आता माझ्या स्वतःच्या बिरादरीकडे वळतो, नाहीतर लेख अर्धाच राहील. सिव्हिल हॉस्पिटलच्या अपघात विभागाबाहेर दलाल उभे असतात आणि ते कोणासाठी उभे असतात हे बार रूममध्ये प्रत्येकाला ठाऊक आहे. ‘एक पैसा देऊ नका ताई, निकाल लागला की आमचे पंचवीस टक्के.’ निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी साफ मनाई आहे. नियम भिंतीवर, टक्के खिशात. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे म्हणून विमा कंपन्यांना आम्ही व्यासपीठावरून झोडतो आणि खाली उतरून त्याच लोण्याची वाटणी करतो. विमा नसलेल्या गाडीच्या जागी विमा असलेली गाडी ‘उभी करणारे’ही आमच्यातच आहेत, त्यांच्यामुळे खऱ्या दाव्याकडेही न्यायाधीश संशयाने बघतात आणि कंपन्यांना ‘सगळेच दावे बोगस’ म्हणायला तोंड मिळतं. हे बंद पाडण्यासाठीच कायद्याने पोलिसांकडून कागद मागितलेत: ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ९० दिवसांत सविस्तर अहवाल, थेट न्यायाधिकरणाकडे, आणि तोच अहवाल दावा म्हणून नोंदवता येतो. म्हणजे विधवेला दलालाची, किंबहुना माझीही, गरज लागू नये अशी योजना आहे. ती नीट चालली तर माझं निम्मं दुकान बंद होईल. चालत नाही, म्हणून माझं घर चालतं. ‘साहेब बंदोबस्तात आहेत’ या एका वाक्यावर जिल्ह्यातले किती वकील जगतात याची मोजदाद व्हायला हवी.

आणि या ढिलाईवर संसदेने काय भेट दिली? १९९४ पासून अपघाताच्या दाव्याला मुदतच नव्हती, जखम बरी झाली, डोकं ठिकाणावर आलं की या. २०१९ च्या दुरुस्तीने, जी या बाबतीत १ एप्रिल २०२२ ला लागू झाली, सहा महिन्यांची मुदत आली. पोलिसांचा कागद वेळेत येईलच या भरवशावर पीडिताची वेळ कापली. शवविच्छेदनाचा अहवाल, वारसदाखला, जखमीचा अपंगत्वाचा दाखला, यांतच सहा महिने जातात. त्यात पहिला महिना तर बाई घराबाहेरच पडत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन सांगितलं की या मुदतीचं आव्हान सुटेपर्यंत उशिराच्या कारणाने दावे फेटाळू नका. पण अंतरिम म्हणजे अंतरिम. तुमच्या ओळखीत कोणाचे पाच महिने झाले असतील तर त्याला आजच उठवा. दावा अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असंही नाही. वारस जिथे राहतात तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो. सोलापूरच्या माणसाला वापीजवळ ट्रकने उडवलं म्हणून त्याच्या आईने गुजरातेत हेलपाटे घालायचे नसतात, ही गोष्ट तिला सांगणारा माणूस तिकीट काढायच्या आधी भेटायला हवा.

सर्वोच्च न्यायालयाच्या त्या लेखी माहितीचं राहिलं. आमच्या भागातल्या एका ठाण्यात मी माहितीच्या अधिकारात एवढंच विचारलं: अज्ञात वाहनाने ठोकरून मृत्यू झाल्याच्या प्रकरणांत कलम १६१ ची माहिती देणारी किती पत्रं वारसांना पाठवली, त्यांच्या प्रती द्याव्यात. महिनाभराने उत्तर आलं, गोल शिक्का, खाली सही: ‘सदरची माहिती निरंक आहे.’ पहिलं अपील दाखल केलंय. सुनावणीची तारीख लागायची आहे. साहेब बंदोबस्तात आहेत.